आधी नाणी, मग टॅरोचं एक पान

टॅरो, म्हणजे भविष्य बघायची चित्रांची पानं, १५व्या शतकातल्या इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणून सुरू झालं आणि आय चिंग, म्हणजे रेघांच्या आकृत्यांवरून कौल देणारं पुस्तक, चीनचं, त्याहून कितीतरी जुनं, त्यामुळे दोघांचं नातं आपणच जोडायचं. आधी आय चिंगसाठी रुपयाची तीन नाणी एकदम उडवा (मी लोकलमध्ये ट्राय केलं, दोन सीटखाली गेली, घरीच करा). छापा ३, काटा २, बेरीज ७ किंवा ९ आली की अखंड रेघ, ६ किंवा ८ आली की तुटकी, असं सहा वेळा आणि रेघा खालून वर रचायच्या हां, इथेच गडबड होते. ६ किंवा ९ ची रेघ बदलती, ती उलटवून दुसरी आकृती काढायची. आय चिंगच्या ६४ आकृत्यांमधली तुमची कुठली ते बघून मग टॅरोच्या ७८ पानांतलं एकच ओढा. मला ५१वी आली, गडगडाटाची, आणि पान निघालं टॉवर, त्यावरपण वीजच पडतेय!