बारमाही पार्क, बारमाही नोकरी: राइड ऑपरेटर होण्यासाठी शहर बदलताना

बारा महिने उघडे असणारे मनोरंजन पार्क आणि बारा महिन्यांची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला स्थलांतरानंतर सातव्या आठवड्यात कळले. तोपर्यंत मी खोलीचा वर्षभराचा करार करून बसलो होतो, जुन्या पार्कातली ज्येष्ठता सोडून दिली होती, आणि नव्या ठिकाणी आठवड्याला जेमतेम अठरा तासांचे काम हाती येत होते. कोणी फसवले नव्हते. विचारायला हवे होते ते प्रश्न मी विचारलेच नव्हते. राइड ऑपरेटरच्या, म्हणजे पार्कातले रोलर कोस्टर आणि पाळणे चालवणाऱ्याच्या, कामासाठी शहर बदलण्याचा विचार करणाऱ्यांना त्या प्रश्नांचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

थंड प्रदेशातली बहुतेक मोठी पार्के हंगामी असतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातले सीडर पॉइंट १८७० पासून आहे, पण तिथला हंगाम मे महिन्याच्या सुमारास सुरू होऊन शरद ऋतूच्या अखेरीस संपतो. कोपनहेगनचे १८४३ साली उघडलेले टिव्होलीसुद्धा दोन हंगामांच्या मधल्या काळात बंद असते. अशाच एका हंगामी पार्कात मी तीन वर्षे काढली. हंगाम संपला की रोलर कोस्टरच्या ट्रेन रुळांवरून उतरवून तपासणीसाठी सुट्या केल्या जात, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही सुटत असू. हिवाळा कुठल्यातरी गोदामात काढायचा आणि वसंतात पुन्हा अर्ज करायचा, हे चक्र पंचविशीत चालते. त्यापुढे घर चालवायचे असेल तर चालत नाही.

हंगामी आणि बारमाही यांतला फरक केवळ हवामानाचा नाही, तो कायद्यातही उतरलेला आहे. अमेरिकेच्या संघीय कामगार कायद्यानुसार जी मनोरंजन आस्थापना वर्षातून सात महिन्यांपेक्षा अधिक चालत नाही, किंवा जिचे उत्पन्न प्रामुख्याने ठरावीक सहा महिन्यांतच एकवटलेले असते, तिला किमान वेतन आणि जादा कामाचा दीडपट मोबदला या दोन्ही तरतुदींतून सूट मिळू शकते. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात, ही गोष्ट वेगळी. आठवड्याला साठ तास काम करूनही हातात साधाच दर का पडतो, याचे उत्तर अनेक हंगामी ऑपरेटरांना या एका कलमात सापडते.

कुठे जायचे, हे ठरवताना मी एका पार्काचा नव्हे, तर एका शहराचा विचार करा असे सांगेन. फ्लोरिडातल्या ओरलँडो परिसरात १९७१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, १९७३ मध्ये सीवर्ल्ड आणि १९९० मध्ये युनिव्हर्सल उघडले, आणि २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्सची भर पडली. दक्षिण कॅलिफोर्नियातही १९५५ च्या डिस्नेलँडभोवती अशीच दाटी आहे. जिथे चार-पाच मालक एकमेकांच्या शेजारी असतात, तिथे एकाने तास कापले तर दुसऱ्याचे दार ठोठावता येते, आणि आपण पूर्वी काय काम केले हे समजावून सांगावे लागत नाही. जिथे हवा साथ देत नाही, तिथे छप्पर देते: सोलचे १९८९ मध्ये उघडलेले लॉट्टे वर्ल्ड किंवा कॅनडातील वेस्ट एडमंटन मॉलमधले पार्क कडाक्याच्या हिवाळ्यातही चालते, तर अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डचे विस्तीर्ण छप्पर उन्हापासून वाचवते. मात्र छताखालच्या पार्काभोवती दुसऱ्या मालकाचे पार्क क्वचितच असते, त्यामुळे तिथे गेल्यास पर्याय कमी उरतात.

परदेशातून येणाऱ्यांनी व्हिसाचा हिशेब आधी करावा. अमेरिकेतल्या पार्कांत जगभरातून आलेले जे विद्यार्थी दिसतात, ते बहुधा जे-१ प्रकारच्या उन्हाळी काम व प्रवास योजनेतून आलेले असतात, आणि तिची कमाल मुदत चार महिन्यांची आहे. एच-२बी हा प्रकारही मालकाची गरज तात्पुरती किंवा हंगामी असेल तरच लागू होतो. म्हणजे ज्याला बारमाही नोकरी हवी आहे, त्याच्यासाठी हे दोन्ही मार्ग मुळातच आखूड आहेत. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीचा परवाना मालकामार्फत मिळतो आणि भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास तिथल्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ‘पार्कात लावून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापाशी थांबूच नये.

आता माझ्या अठरा तासांकडे येतो. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू झालो. सुट्ट्यांच्या गर्दीत तासांना तोटा नव्हता, उलट सुट्टी मिळत नव्हती, आणि हेच इथले बारमाही चित्र आहे असा माझा समज झाला. जानेवारीच्या उत्तरार्धात शाळा सुरू झाल्या आणि गर्दी ओसरली. अपेक्षित गर्दीवरून रोस्टर, म्हणजे शिफ्टचे वेळापत्रक, बनते. गर्दी कमी असेल तर कोस्टरवर तीनऐवजी एकच ट्रेन धावते आणि नऊ जणांच्या जागी पाच जणांत काम भागते. त्याच वेळी, ज्या एका राइडचे प्रशिक्षण मला मिळाले होते, ती वार्षिक दुरुस्तीसाठी सात आठवडे बंद झाली. पार्क रोज उघडत होते, पण मला चालवता येईल अशी राइड त्यात उरली नव्हती, म्हणून प्रवेशद्वारावर बॅगा तपासण्याच्या थोड्याफार शिफ्ट पदरात पडत होत्या. बारमाही पार्क कधीच बंद होत नसल्यामुळे राइड्स आलटून पालटून बंद ठेवाव्या लागतात, ही साधी गोष्ट हंगामी पार्कातून आलेल्या माझ्या लक्षात आली नव्हती, कारण तिथे सगळी दुरुस्ती हिवाळ्यातच उरकली जाते.

म्हणून मुलाखतीत ‘पार्क वर्षभर चालते का’ हे विचारू नका, ते संकेतस्थळावर लिहिलेले असते. गेल्या सप्टेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस नव्या ऑपरेटरला आठवड्याला प्रत्यक्ष किती तास मिळाले, हे विचारा. किमान तासांची हमी लेखी मिळते का, आपली राइड दुरुस्तीला गेली की आपण कुठे जातो, दुसऱ्या राइडचे प्रशिक्षण किती दिवसांनी मिळते, आणि पूर्णवेळ जागा ज्येष्ठतेने भरतात की मुलाखतीने, हेही विचारा. बहुतेक नव्या लोकांना आधी अर्धवेळ म्हणूनच घेतात. आरोग्यविमा, भरपगारी रजा यांसारख्या गोष्टी बहुधा पूर्णवेळ जागेबरोबर येतात. निदान चार महिन्यांचे भाडे हाताशी असल्याशिवाय सामान बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घर निवडताना अंतरापेक्षा शेवटच्या बसची वेळ पाहा, कारण पार्क रात्री बंद झाल्यावर राइडचा प्लॅटफॉर्म रिकामा करून निघेपर्यंत आणखी तासभर जातो.

जुना अनुभव नव्या ठिकाणी कितपत चालतो, याविषयीही गैरसमज असतो. मुलाखतीत तो चालतो, राइडवर चालत नाही. प्रत्येक राइडचे प्रशिक्षण आणि परीक्षा स्वतंत्र असते. एकाच कारखान्यात बनलेली तशीच राइड तुम्ही तीन वर्षे चालवली असली, तरी नव्या पार्कात पहिल्या दिवशी तुमच्या हाती उंची मोजायची काठीच दिली जाते. याचा राग येऊ देऊ नये. हाताची जुनी सवय किती घातक ठरते, याचा अनुभव मी स्वतः घेतला. दुरुस्तीनंतर माझी राइड पुन्हा उघडली आणि मला पॅनेलवर, म्हणजे राइड चालवायच्या बटणांपाशी, बसवले गेले. जुन्या पार्कात ट्रेन सोडायचे बटण उजव्या हाताला होते. इथे त्याच जागी राइड थांबवण्याचे बटण होते. प्रशिक्षक शेजारी उभा असताना मी ट्रेन सोडायला म्हणून ते दाबले, आणि आधीची ट्रेन चढावाच्या मध्यावर थबकली. तंत्रज्ञ येऊन, सर्व पाहून, यंत्रणा पुन्हा चालू करेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. मला बोलणी बसली नाहीत, पण पुढचे तीन दिवस ट्रेन सोडण्याआधी बटणाचे नाव मोठ्याने उच्चारायला लावले गेले. ती सवय मी अजूनही सोडलेली नाही.

कामाचा गाभा बाहेरून दिसतो त्याहून फार लहान आणि फार कंटाळवाणा आहे, आणि इथेच बहुतेक नवे लोक गळतात. प्रवासी बसला की लॅप बार (त्याला मांडीवर अडवून धरणारा दांडा) खाली दाबायचा, मग तळवा वर करून तोच बार वर ओढून पाहायचा; डोळ्यांनी पाहणे पुरेसे नसते, हाताला तो अडलेला जाणवावा लागतो. जाकिटाच्या खिशातला मोबाइल मांडीवर आडवा आला, तर बार दोन खाचा वरच अडकतो आणि वरवर पाहता व्यवस्थित लागलेला वाटतो. अशा वेळी ओढून पाहणाऱ्या हातालाच फरक कळतो: बार हलत नाही, पण त्याच्याखाली प्रवासी सैल बसलेला असतो. चोवीस आसनांची ट्रेन मिनिटाला एक या वेगाने सोडायची असेल, तर तासाला १,४४० प्रवासी जातात. तोच वेळ सव्वा मिनिटावर गेला, तर १,१५२ उरतात. रांगेतल्या लोकांना, सुपरवायझरला आणि स्वतः तुम्हालाही ते २८८ प्रवासी खुणावत असतात. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाने वेग वाढवायचा असेल, तर तो चालण्यात आणि प्रवाशांना सामान ठेवायला सांगण्यात वाढवावा, ओढून पाहण्यात नव्हे. अनेक कोस्टरांवर पॅनेलवरच्या माणसाने एकट्याने बटण दाबून ट्रेन सुटत नाही. प्लॅटफॉर्मवरच्या सहकाऱ्यालाही त्याच वेळी आपले बटण दाबून धरावे लागते. ते बटण म्हणजे त्या रांगेतल्या प्रत्येक बारवर केलेली तुमची सही असते.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे ब्लॉक. रेल्वेप्रमाणेच कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच ट्रेन राहील अशी यंत्रणेची रचना असते; पुढचा टप्पा मोकळा झाला नाही, तर मागची ट्रेन ब्रेकवर अडवली जाते. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या अल्टन टॉवर्स येथील ‘द स्मायलर’ या राइडवर यंत्रणेने अशीच एक ट्रेन अडवली होती, कारण पुढे चाचणीची रिकामी ट्रेन मार्गात थांबलेली होती. मार्ग मोकळा आहे अशा समजुतीने तंत्रज्ञांनी तो अटकाव हाताने बाजूला सारला, आणि सोळा प्रवाशांची ट्रेन रिकाम्या ट्रेनवर आदळली. दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. पुढे मालक कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. तिथे चूक ऑपरेटरच्या बटणाची नव्हती, पण मी नव्या लोकांना ही घटना आवर्जून सांगतो, कारण राइड अडली की ‘काही नाही, नेहमीचा खोटा इशारा असेल’ हे वाक्य प्लॅटफॉर्मवरही रोज ऐकू येते. ट्रेन मोजायच्या. मार्गात किती, साठवणीच्या रुळांवर किती, दुरुस्तीच्या जागी किती, हा आकडा जुळेपर्यंत पॅनेलला हात लावायचा नाही.

शरीराबद्दल थोडेसेच सांगतो. उबदार प्रदेशातले पार्क म्हणजे उन्हाळ्यात उन्हात उभे राहणे आणि विजांच्या इशाऱ्यावर राइड बंद करून चिडलेल्या रांगेला तेच उत्तर शंभरदा देणे. जागा पाळीपाळीने बदलतात म्हणून ते निभावते. चांगले बूट पहिल्या पगाराची वाट न पाहता घ्यावेत.

पुढे जायचे असेल, तर दोन वाटा आहेत. एक प्रशिक्षक, लीड (गटप्रमुख) आणि मग विभाग सांभाळण्याकडे जाते; दुसरी तांत्रिक विभागाकडे, जिथे विजेचे किंवा यंत्रांचे शिक्षण लागते आणि वेतन सहसा अधिक असते. दोन्हींसाठी मानके वाचायची सवय लावावी. अमेरिकेत एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची एफ२४ ही समिती १९७८ पासून राइड्सची मानके तयार करते, आणि तिचे एफ७७० हे मानक राइडची मालकी, चालवणे, देखभाल आणि तपासणी यांविषयी आहे. युरोपात ईएन १३८१४ हे मानक आहे. नार्सो आणि एम्स या राइड-सुरक्षेच्या अमेरिकी संस्था राइड चालवण्याच्या कामाचीही प्रमाणपत्रे देतात. शहर बदलले की पार्काचे अंतर्गत प्रशिक्षण मागे राहते, पण हे प्रमाणपत्र तुमच्याबरोबर येते, म्हणून स्थलांतर करणाऱ्याला त्याचे मोल इतरांपेक्षा जास्त आहे.

मी स्वतः पहिल्या मार्चपासून एकच धरून ठेवले: मोकळा दिवस दिसला की दुसऱ्या राइडचे प्रशिक्षण मागायचे. शिफ्टची अदलाबदल त्याच राइडचे प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये होते, त्यामुळे प्रत्येक नव्या राइडबरोबर मला शिफ्ट देऊ शकणाऱ्यांची संख्या वाढत गेली. सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे तीन राइड्स होत्या, आणि अकराव्या महिन्यात पूर्णवेळ जागेचे पत्र आले. पुढच्या जानेवारीत माझी पहिली कोस्टर पुन्हा वार्षिक दुरुस्तीला गेली. त्या आठवड्याच्या रोस्टरवर माझ्या नावापुढे पाण्याच्या राइडचे नाव होते आणि एकूण तास चाळीस होते.