जमीन नंतर, आधी तालुका बघा (आणि मे महिन्यातच बघा)

गावाकडे थोडी जमीन घ्यावी, दोन गाई, परसात भाजी, वर्षाचं धान्य घरात, म्हणजे उद्या लॉकडाऊन लागो की पूर येवो आपलं आपण निभावू, असं म्हणणारे हल्ली बरेच भेटतात. विचार चांगलाच आहे, पण बहुतेक जण सुरुवात उलटीकडून करतात. एजंटने ऑगस्टमध्ये काढलेला धबधब्याचा व्हिडिओ, मग 'रिव्हर टच' दोन एकर, मग बयाणा, आणि तालुका कसा आहे ते राहायला गेल्यावर कळतं. म्हणून प्लॉट बघायच्या आधी तीन-चार तालुके काढा आणि ते तपासा.

कागदांचं लांबण लावत नाही. सातबारा, आठ अ, फेरफार, भोगवटादार वर्ग १ की २ (म्हणजे जमीन मोकळेपणी विकता येते की सरकारी परवानगी लागते), हे तुम्ही बघणारच असं धरतो. शेतकरी नसाल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि 'आधी घ्या, शेतकरी दाखल्याचं मी बघतो' म्हणणाऱ्या एजंटचा नंबर तिथेच ब्लॉक करा.

आता पाणी. मलाही सगळ्यात जास्त यानेच छळलंय, आणि सगळ्यात फालतू सल्लेही यावरच मिळतात. पहिला फालतू सल्ला म्हणजे 'पाऊस भरपूर आहे ना, मग काळजी नाही'. पोलादपूर, महाडकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथल्याच वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. कारण पाऊस किती पडला यापेक्षा जमिनीत किती थांबला ते महत्त्वाचं. कोकणातला जांभा सच्छिद्र आहे, पाणी आत जातं आणि तितक्याच लवकर उताराने निघूनही जातं. घाटावर काळा पाषाण, त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांत, मुरमात नाहीतर बारीक पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात, आणि हे थर शंभर पावलांवर बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे यावरून तुमच्या जमिनीचं काहीच कळत नाही. सरासरीवर तर अजिबात जाऊ नका. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, घाट उतरून वाईत आलात की हजाराच्या आत, आणि पुढे माण-खटावात ५०० च्या आसपास. जिल्हा एकच आहे बरं का, सातारा.

मग करायचं काय? पंचायत समितीत जाऊन पाणीटंचाईचा आराखडा मागा. दरवर्षी तीन टप्प्यांत निघतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. एका वर्षाचा बघून काही कळत नाही, मागच्या पाच-सहा वर्षांचे बघा आणि ज्या गावांची नावं परत परत येतात ती काढून टाका. सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांची मे महिन्याची पातळी मागा, ऑक्टोबरची बघून काही उपयोग नाही, तेव्हा सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

त्यानंतर गावात जा, मे च्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. सरपंचाला पाण्याचं विचारू नका, तो चांगलंच सांगणार, पाणी भरायला येणाऱ्या बायकांना विचारा की हंडा भरायला किती वेळ लागतो आणि रात्री उठावं लागतं का. घरोघरी नळ दिसले म्हणून खूश होऊ नका, त्या योजनेची विहीर कुठे आहे ते शोधा आणि वाकून आत बघा. आणि ती तुमच्या मनातल्या जमिनीपासून ५०० मीटरच्या आत असेल तर तिथे नवीन विहीर काढायला कायद्याने अडचण आहे, हे एजंट कधीच सांगत नाही.

जमिनीत विहीर असेल तर मालकाला सांगून संध्याकाळी मोटर लावून पाणी खाली घ्या, दोरीला दगड बांधून पातळी मोजा, सकाळी परत मोजा. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. रात्रीत चार इंच चढलं तर जवळजवळ तीन हजार लिटर झालं, चार माणसं, दोन गाई आणि परसातल्या भाजीला ते पुरतं, उसाची स्वप्नं मात्र बघू नका. मालक मोटर लावायला तयार नसेल तर समजून जा.

'पाणी नसलं तर बोअर मारू' हा दुसरा फालतू सल्ला. खडकात बोअर म्हणजे लॉटरी, आणि ६० मीटरच्या खाली जायला कायद्याचे निर्बंध आहेत ते वेगळंच. हातावर नारळ उभा राहिला म्हणून खाली पाणी असतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. तालुक्याच्या गावी बोअरच्या गाडीवाल्यांना चहा पाजा आणि कोणत्या गावांत बोअर कोरडे गेले ते विचारा, ते लोक खरं सांगतात, त्यांना तुमची जमीन विकायची नसते.

पाण्यात तालुका पास झाला तरच पुढचं बघायचं.

संकट कुठलं येणार ते तालुक्यावर ठरतं. माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३), तिन्हीकडे डोंगर खाली आला, म्हणून उताराच्या पायथ्याची जागा कितीही सुंदर असो, नाही म्हणजे नाही. नदीकाठी पूररेषा बघा, निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतली, आणि घर लाल रेषेच्याही बाहेर हवं. सांगली-कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिलेत, तेव्हा '१०० वर्षांतून एकदा' वर फार विसंबू नका. किनाऱ्यावर जाणार असाल तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडे लाइट किती दिवसांनी आली ते तिथल्या माणसांकडून ऐका, आणि तेवढे दिवस विजेशिवाय पाणी कसं काढणार ते आधी ठरवा.

दवाखाना: प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन सर्पदंशावरचं इंजेक्शन आज शिल्लक आहे का विचारा, आणि रात्री डॉक्टर तिथे राहतात का तेही. १०८ ची गाडी यायला किती वेळ लागतो हे गावकऱ्यांना विचारा.

रस्ता: जुलैमध्ये एकदा जाऊन या, पूल पाण्याखाली जातो की नाही कळेल.

शेवटचं जनावरांचं. चंदगड, दोडामार्गात हत्ती, राधानगरी-आजऱ्यात गवे, जुन्नरला बिबटे, कोकणात माकडं. गावातले लोक स्वतःपुरती तरी भाजी लावतात का ते बघा. कुणीच लावत नसेल तर कारण विचारा, बहुतेक वेळा माकडं नाहीतर रानडुकरं हेच उत्तर येतं, मग कुंपणाचा खर्च जमिनीच्या किमतीत धरूनच बोलणीला बसा.