एमजीबी घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्याला निघण्याआधी

नॉर्थ कोस्ट ५०० ही वाट इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून सुरू होते आणि स्कॉटलंडचा पश्चिम, उत्तर आणि पूर्व किनारा फिरून पुन्हा तिथेच येते. अंतर ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला ही वाट जुन्या स्पोर्ट्स कारमधून करायची असेल, तर तयारी बॅगा भरण्यापासून नाही, गाडी निवडण्यापासून सुरू होते. माझी निवड एमजीबी. ती १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. १७९८ सीसीचं इंजिन इतकं साधं आहे की बोनेट उघडल्यावर काय कशाला जोडलंय ते डोळ्यांना दिसतं.

उघड्या टपाची रोडस्टर घ्यायची की बंद टपाची जीटी, हे आधी ठरवा. मन रोडस्टरकडे ओढ घेतं, आणि मे महिन्यातल्या स्वच्छ दिवशी तिला तोड नाही. पण वायव्य स्कॉटलंडमध्ये पाऊस केव्हाही येतो. जीटीला मागे वर उघडणारं दार आहे, सामान कोरडं राहतं. दोघांना आठवडाभर फिरायचं असेल तर मी जीटीच घ्यायला सांगेन. १९७४च्या अखेरीपासून काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली, म्हणून त्या गाड्या स्वस्तात मिळतात. १९७६ नंतरच्या रबरी बंपरवाल्या गाड्या वळणावर बऱ्याच सुधारलेल्या आहेत. आधीच्या क्रोम बंपरच्या हट्टापायी कुजलेली गाडी घेण्यापेक्षा ही कितीतरी शहाणपणाची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बघायला गेलात की आधी इंजिनाचा आवाज ऐकू नका, आधी पत्रा बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यातही दारांखालच्या लांब पेट्या, ज्यांना इथे सिल म्हणतात, त्या गेल्या की गाडीचा कणाच गेला. दार आणि मागचं पॅनेल यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वरच्या बाजूला ती अरुंद होत असेल तर गाडी मधोमध खचते आहे. विकणाऱ्याला मागची बाजू जॅकवर उचलायला सांगा आणि दार उघडून-लावून बघा. दार घासलं किंवा अडकलं तर आभार मानून निघा. वरून चकचकीत स्टीलची पट्टी लावलेली असेल तर त्यामागे काय आहे ते वाकून बघाच. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पुट्टीवर ते चिकटत नाही. पुढच्या चाकांमागचे कोपरे, मागच्या कमानपट्ट्या जिथे बसवलेल्या असतात त्या जागा, पायांखालचा गाडीचा तळ, बॅटरीची पेटी, सगळीकडे हात फिरवा. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून नवा सांगाडासुद्धा बनवून देते, पण त्यात सगळी गाडी उतरवून चढवण्याचा खर्च गाडीच्या किमतीला भारी पडतो. इंजिन, गियरबॉक्स, ब्रेक हे सगळं टप्प्याटप्प्यानं दुरुस्त होतं. गंज थांबत नाही.

पत्रा पास झाला तर गाडी चालवून बघा. इंजिन पूर्ण तापल्यावर चालत्या गाडीत ऑइलचं प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास आणि उभ्या गाडीत १५च्या वर असावं. दुसऱ्या गियरला कुरकुर होते का? ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गियर, असेल तर तो लगेच लागतो आणि सुटतो का? क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून तो घसरत नाही ना, हे चढावर तपासा. तारांची चाकं असतील तर एक चाक उचला, सोबतच्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि चाक मागेपुढे हलवा. कट-कट आवाज आला तर हबचे दाते झिजले आहेत. थोडं ऑइल गळेल, त्याची चिंता नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्ही५सी या नोंदणीच्या कागदावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. शेवटची एमजीबी १९८०ची, म्हणजे सगळ्याच आता चाळिशी ओलांडलेल्या आहेत. ऐतिहासिक वाहन म्हणून अर्ज केला की रोड टॅक्स माफ होतो, आणि मूळ रचना फारशी बदललेली नसेल तर मे २०१८पासून एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तरीही प्रवासाआधी स्वतःहून एमओटी करून घ्याच. नंबर टाकला की गाडीचे जुने एमओटी निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. त्यात ‘गंज’ हा शेरा किती वेळा आलाय ते मोजा. गाडीची किंमत विमा कंपनीशी आधी ठरवून त्या किमतीचा विमा घ्या. रस्त्यात बंद पडलेली गाडी थेट घरापर्यंत आणून देण्याची सोय असलेली मदतसेवाही घ्या. भारतातून आलेले काका किंवा भाऊ इथे आल्यापासून वर्षभर भारतीय लायसन्सवर गाडी चालवू शकतात, पण विमा कंपनी त्यांचं नाव घालते का ते आधी विचारा.

निघण्याच्या दोन महिने आधी गाडी तयार हवी, म्हणजे सुधारलेल्या गोष्टी रोजच्या रस्त्यावर पारखता येतात. इंजिनाचं ऑइल २०डब्ल्यू-५० या जाडीचं. ब्रेकचं ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस द्या, बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूला कोरलेला चार आकडी आठवडा-वर्षाचा अंक बघा, कारण जुनं रबर कडक होतं. रेडिएटर धुऊन घ्या, पाण्याचे पाइप आणि पंख्याचा पट्टा नवे घाला. २०२१पासून इथलं साधं पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे. त्यामुळे जुने रबरी पाइप कुजतात, म्हणून पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे घाला आणि मिळेल तिथे कमी इथेनॉलचं सुपर ई५ भरा.

डिकीतली पेटी अशी भरा: प्लग, पॉइंट, रोटर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, फ्यूज, ॲक्सिलरेटरची केबल, जादा पट्टा, ऑइल, पाणी, बांधायची तार, डोक्याला लावायची बॅटरी, ओढायचा दोर. ठिणगीच्या यंत्रणेतला छोटा कंडेन्सर न विसरता घ्या. नवे बरेचसे दर्जाला हलके असतात, म्हणून गाडीत आधीपासून नीट चाललेला जुना जपून ठेवा. पाने इंचाचे हवेत. मिलिमीटरचे पाने या नटांच्या कडा गोल करून टाकतात. जुना एसयू कंपनीचा पेट्रोल पंप कधीकधी अडकतो. चावी फिरवल्यावर त्याची टिकटिक ऐकू आली नाही तर मागच्या उजव्या चाकाजवळ तो आहे, त्याला हलकेच दोन टकोरे द्या. पुष्कळदा गाडी तिथेच सुरू होते.

सामान मऊ पिशव्यांमध्ये भरा, कडक सूटकेस बसत नाही. लोकरी टोपी, पावसाळी कोट, आणि मेनंतर जाणार असाल तर मिज या बारीक चावऱ्या माशांसाठी चेहऱ्याची जाळी. खाऊचा डबा आणि थर्मास हवाच, पश्चिमेला दोन दुकानांमध्ये लांब अंतर असतं. पेट्रोलचं तेच. टाकी अर्धी झाली की भरा. फोनला रेंज नसते, कागदी नकाशा ठेवा. मुक्काम महिनोन्‌महिने आधी ठरवा आणि निदान सात दिवस हातात ठेवा.

वाट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं करा. डावीकडून गाडी चालवताना समुद्र तुमच्याच बाजूला राहतो आणि डाव्या सीटवरच्या माणसाला तो मोकळा दिसतो. पण मग बेलाख ना बा हा घाट सुरुवातीलाच येतो. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर, काही ठिकाणी पाचास एक चढ आणि लागोपाठ तीव्र वळणं. इंजिन तापायला लागलं तर हीटर पूर्ण सुरू करा, तो छोट्या रेडिएटरचं काम करतो. उतारावर दुसऱ्या गियरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. गाडीवर भरवसा बसला नसेल तर शील्डेग गावावरून किनाऱ्यानं घाटापलीकडच्या ॲपलक्रॉसला जाणारा रस्ता लांबचा आहे, पण सुंदर आहे.

पुढे अनेक मैल रस्ता एका गाडीपुरताच आहे. ठरावीक अंतरावर थांबायच्या जागा असतात. डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा. मागून कुणी घाईत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. त्या माणसाला शाळेत, दवाखान्यात, कामावर पोचायचं असतं. फोटोसाठी या जागांवर गाडी उभी करू नका, आणि मित्रांच्या चार गाड्या असतील तर चिकटून चालू नका. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात.

परत आल्यावर त्याच आठवड्यात गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. समुद्राचा खार चाकांमागच्या कोपऱ्यांत आणि सिलच्या खालच्या शिवणीत साचतो. पाणी बाहेर जाण्याची भोकं तारेनं मोकळी करा, दोन-तीन कोरड्या दिवसांत गाडी वाळू द्या आणि मग पोकळ्यांमध्ये मेण फवारा.