वॉशिंग मशीनची वेगळी लाइन: वायरमन येण्याआधीची तयारी

मशीन लावलं, गीझर चालू झाला आणि तेवढ्यात कोणी इस्त्री हातात घेतली की खटका पडतो. जुन्या सोसायट्यांमध्ये ही कटकट पावसाळ्यात जास्त, कारण कपडे वाळत नाहीत आणि सकाळी दमट युनिफॉर्मवर इस्त्री फिरवणं भागच असतं. अशा वेळी काहीच तयारी न करता वायरमनला बोलावलं, तर तो सोळा अँपियरची एमसीबी (म्हणजे लोड वाढला की पडणारा तो खटका) काढून बत्तीसची बसवतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. खटका पडायचा थांबतो, भिंतीतली वायर मात्र तापत राहते. एमसीबी असते ती वायर वाचवायला. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी करायची नाही, तर डीबीपासून, म्हणजे सगळे खटके असलेल्या पेटीपासून, मशीनला स्वतःची वायर आणि एमसीबी असलेली वेगळी लाइन द्यायची, हे आधीच पक्कं ठरवा आणि फोनवरच त्याला सांगून टाका.

तो येण्याआधी आठवडाभर डीबीजवळ कागद-पेन्सिल ठेवा. खटका पडला की तीन गोष्टी लिहायच्या: कोणता पडला, किती वेळाने पडला, तेव्हा काय काय चालू होतं. बटण दाबल्या दाबल्या एमसीबी पडत असेल तर बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे. पाच-दहा मिनिटं चालून पडत असेल तर लोड. आणि पडते ती ‘टी’ बटण असलेली आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका असेल, तर भानगड वेगळी आहे, करंट कुठून तरी गळतोय. गार पाण्याचा प्रोग्रॅम बिनबोभाट होतो आणि गरम पाण्याच्या प्रोग्रॅमला आरसीसीबी पडते, असं दिसलं तर मशीनच्या हीटरवर संशय घ्या आणि आधी मशीनचा मेकॅनिक बोलवा. नवी लाइन टाकून ते दुखणं जाणार नाही.

पुढचं काम बेरजेचं. प्रत्येक उपकरणाच्या मागच्या पट्टीवरचे वॅट उतरवून घ्या. हीटर असलेलं फ्रंट लोड मशीन साधारण 2000 वॅट, साठवणीचा गीझर 2000, साधी इस्त्री 1000. तिन्ही एकाच लाइनवर असली तर झाले 5000 वॅट, 230 व्होल्टने भागले की जवळपास 22 अँपियर. आता गंमत बघा. 16 अँपियरची एमसीबी 18 पर्यंत तासभर न पडता तग धरते आणि 23 च्या पुढे गेलं की तासाच्या आत तिने पडायलाच हवं, हा तिचा नियम. आपले 22 नेमके मधल्या पट्ट्यात. म्हणून ती कधी पडते, कधी नाही, आणि घरातले एकमेकांवर खापर फोडतात. मे महिन्यात डीबी तापलेली असली की लवकर पडते. सेमी-ऑटोमॅटिक किंवा हीटर नसलेलं टॉप लोड मशीन असेल तर त्याचे जेमतेम 400-500 वॅट धरा. तिथे खरा गुन्हेगार गीझर असतो आणि वेगळी लाइन त्यालाच द्यायची.

मेन बंद करून मशीनचा प्लग काढून पाहा. पिना काळवंडल्यात का, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलंय का, जळका वास येतो का? सोळाचा प्लग कन्व्हर्टर लावून सहाच्या सॉकेटमध्ये खुपसलेला असेल, किंवा मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर चालत असेल, तर ते आजच बंद करा, वायरमनची वाट बघू नका. बोर्ड उघडायचं काम मात्र त्याच्यावरच सोडा. जुन्या घरांत पॉवर पॉइंटच्या मागे कधी ॲल्युमिनियमची वायर निघते, कधी ‘तीन-बावीस’, म्हणजे सव्वा स्क्वेअर एमएमच्या आसपासची, दिव्या-पंख्यांपुरती. तीच पुढे खेचून चालवू म्हणाला तर नको म्हणा.

सामान आधी आणून ठेवलेलं बरं. डीबीपासून ड्राय बाल्कनीपर्यंत वायर जाईल त्या वाटेने टेप लावून लांबी मोजा आणि तिप्पट करा: फेज, न्यूट्रल, अर्थिंग. कॉइल 90 मीटरचं असतं, त्यामुळे सुटी मीटरवर देणारं दुकान शोधलं तर पैसे वाचतात. वायर तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएम, आयएसआय मार्कची. 16 ची सी टाइप एमसीबी. 16 अँपियरचं सॉकेट आणि स्विच. डीबीत रिकामी जागा आहे का तेही पाहून ठेवा. आरसीसीबी नसेल तर याच वेळी 30 मिलिअँपियरची बसवून घ्या. ओल्या हाताने जिथे वावर असतो तिथे यात काटकसर करू नये. पाइपात जागा नसली तर बाहेरून केसिंग पट्टी. दिसायला बरी नसते, पण भिंत फोडण्यापेक्षा परवडते.

अर्थिंगवर मी जरा अडून बसेन. सॉकेटमध्ये अर्थिंग येत नाही असं दिसलं की काही जण न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात. टेस्ट लँप पेटतो, मालक खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटली की मशीनच्या पत्र्यात सरळ 230 व्होल्ट. असा लूप कुणालाही मारू देऊ नका. अर्थिंग मीटरपर्यंत शोधायला लावा, तिथेच नसेल तर तो सोसायटीच्या मीटिंगचा विषय आहे.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो आपल्या बेरजेशी ताडून पाहा. कमी असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज करा. आणि मीटरपासून घरात येणारी मेन वायर एवढा भार पेलेल का, हे परवाना असलेल्या वायरमनलाच विचारा.

कामाच्या दिवशी सकाळची वेळ घ्या, उजेड असतो. फोन चार्ज, पाणी भरलेलं, स्टूल मोकळं. घरात इन्व्हर्टर असेल तर तो बंद करून तसं वायरमनला तोंडाने सांगा, कारण मेन पाडली तरी इन्व्हर्टरच्या वायरीत करंट राहतो.

पैसे देण्याआधी मशीन 60 अंशांच्या प्रोग्रॅमला लावा, सोबत गीझर आणि इस्त्री चालू करा. दहा-बारा लिटर पाणी तापवायला हीटरला बारा-पंधरा मिनिटं तरी लागतात, तेवढा वेळ त्याला चहा द्या. मग मशीन बंद करून प्लग काढा आणि हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेटचे स्क्रू पुन्हा आवळून घ्यायचे. आरसीसीबीचं ‘टी’ बटण त्याच्यासमोरच दाबा, खाडकन पडली पाहिजे. आणि तो जिना उतरायच्या आत डीबीवर मार्करने लिहून घ्या, कोणती एमसीबी कशाची.