लाकडी ल्यूरला पत्र्याची लिप: आधी वजन बघा

खाडीत जिताडा किंवा तांबोशीसाठी ६-७ सेंमीचा ल्यूर, म्हणजे माशाच्या आकाराचं नकली आमिष, घरी करायला घेतला की कुणीतरी सांगतोच, ‘लिप (नाकाशी बसवायची पत्र्याची जीभ) चांगली जाड घे, वाकता कामा नये.’ मोठ्या ल्यूरला हे चालेल, छोट्याला ते मारक आहे.

लाकूड पांगाऱ्याचं किंवा सावरीचं घ्या. लिपची खाच ठोकळा चौकोनी असतानाच हॅक्सॉने कापा, आकार नंतर द्या.

आता पत्रा. २५ × २० मिमीची लिप ०.८ मिमी स्टेनलेस स्टीलची कापली तर ती ३.२ ग्रॅम भरते. एवढ्या ल्यूरचं पांगाऱ्याचं नुसतं लाकूडही जेमतेम तेवढंच भरतं. तीच लिप १ मिमी अ‍ॅल्युमिनियमची केली तर १.३५ ग्रॅम. नाकावरचा हा दीड-दोन ग्रॅमचा फरक ल्यूरची चाल ठरवतो. नाक जड झालं की ल्यूर डोकं खाली घालून नुसता ओढला जातो, डुलत नाही. मग लोक तोल साधायला शेपटीत शिसं भरतात. हे अजिबात करू नका! दोन्ही टोकं जड झाली की उरलीसुरली थरथरही मरते. शिसं पोटातच राहू द्या आणि लिप बदला.

माझा नियम सरळ आहे. दोरा नाकाला बांधायचा असेल तर १ मिमी अ‍ॅल्युमिनियम. खोल जाणाऱ्या ल्यूरमध्ये दोऱ्याची कडी लिपमधूनच काढावी लागते, तिथे ०.५ मिमी स्टेनलेस. कारण खाऱ्या पाण्यात कडीच्या स्टीलच्या तारेला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम त्याच जागी खात जातं, भोक मोठं होतं आणि कडी हलायला लागते. पितळ कापायला सोपं, पण वजनाला स्टीलहून थोडं जास्तच. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा बोटानेही दुमडतो आणि तेलाच्या डब्याचा गंजतो. दोन्ही भंगारात राहू द्या.

चिकटवण्याआधी लाकडाला सीलरचा हात द्या, गळ अडकवा, लिप खाचेत नुसती सरकवा आणि ल्यूर बादलीत सोडा. आडवा किंवा शेपटीकडे किंचित झुकलेला तरंगला तर ठीक. नाक बुडालं तर लिप बाहेर काढा, कानशीने लहान करा किंवा पातळ पत्रा घ्या. ही चाचणी टाळलीत आणि इपॉक्सी सुकलं, तर पुढे काहीच हातात राहत नाही.

लिप अंगाला जवळजवळ काटकोनात असेल तर ल्यूर वरच्या पाण्यात चालतो, अंगाच्या रेषेत पुढे आडवी असेल तर खोल जातो. रुंदी वाढवली की डुलणं वाढतं, अति झाली की ल्यूर कुशीवर पडतो.

खाचेत जाणाऱ्या भागाला पॉलिश पेपर मारा, दोन-तीन भोकं पाडा, मगच इपॉक्सी भरा. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम इपॉक्सी धरत नाही.

ओढताना ल्यूर तुमच्या उजवीकडे पळत असेल तर नाक स्वतःकडे धरून कडी केसभर डावीकडे वाकवा. लिपला हात लावू नका.