मेकॅनिकसमोर न दिसणारा बिघाड कसा पकडावा

जुनी कार मध्येच बंद पडते, कधी सेल्फच घेत नाही, आणि दाखवायला नेली की निमूट चालते. अशा गाडीच्या मालकाला मिळणारा सगळ्यात महागडा सल्ला म्हणजे ‘एकेक पार्ट बदलून बघू’. कॉइल बदलली, रिले बदलला, पंप बदलला. मग गाडी काही दिवस नीट चालली, म्हणून शेवटी बदललेला पार्टच खराब होता असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बऱ्याचदा घडलेलं असतं ते एवढंच, की पार्ट बदलताना त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) ओढून काढला, परत दाबून बसवला आणि तेवढ्या घासण्याने आतल्या पिनांवरचा काळा थर निघून करंट वाहू लागला. हवा दमट झाली की गाडी पुन्हा पहिल्यासारखी. म्हणून बिघाड प्रत्यक्ष चालू असताना पकडल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

आधी लिहून ठेवा

गाडीत वही-पेन ठेवा. दर वेळी इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता का, टाकी किती भरलेली होती, वळणावर की खड्ड्यात, एसी आणि दिवे चालू होते का, आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला, हे सगळं टिपा. ‘मधूनमधून बंद पडते’ या वाक्यावरून कुणालाच काही शोधता येत नाही. ‘इंजिन पूर्ण तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने चालू होते’ असं म्हटलं की शोध निम्मा कमी होतो.

सगळ्यात बोलका असतो तो बंद पडण्याचा क्षण. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, चाकं इंजिनाला फिरवताहेत आणि तरी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, तर इग्निशनचा सिग्नल गेला. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा), इग्निशन मॉड्यूल (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) किंवा त्यांचा सप्लाय बघा. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरतोय, इंजिन आचके देत, मिसिंग मारत थांबतंय, तर इंधनाकडे वळा. डॅशबोर्डसकट सगळंच विझलं, तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य वायर किंवा इग्निशन स्विच. चावीला किल्ल्यांचा जड जुडगा लटकत असेल तर तो आजच काढा, स्विच त्याने झिजतो. आणि इंधनासारखी लक्षणं असतील तर बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडून बघा. जोराने हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायची वाट, तुंबलाय. पंपाला हात लावू नका.

सोप्या गोष्टी उरकून घ्या

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. टर्मिनल हाताने फिरवून फिरत असतील तर घट्ट करा. ज्या रिलेवर संशय आहे त्याच्या जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून काही दिवस चालवा.

गाडीला स्कॅनरचं सॉकेट असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरने टिपलेले बिघाडाचे कोड वाचा, लिहा, लगेच पुसू नका. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचं हे सॉकेट सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ज्या त्या कंपनीची स्वतःची पद्धत असते. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०३३५ याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशाच वायरी, कपलर आणि अर्थिंगही येतं, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी, जिला गॅरेजमध्ये नुसतं ‘अर्थ’ म्हणतात.

त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं वायरिंग डायग्रॅम मिळवा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकदमच बिघडत असतील, तर त्या दोघींचा सामाईक फ्यूज किंवा सामाईक अर्थ पॉइंट डायग्रॅमवर शोधायचा. हे काम बोनेट उघडण्याआधीच, टेबलावर बसून होतं.

बिघाड मुद्दाम घडवा

वाट बघत बसू नका. इंजिन आयडलवर ठेवून वायरिंगची एकेक जुडी हाताने हलवा, पंखा आणि बेल्टपासून लांब राहून. वायरी कुठे तुटतात ते ठरलेलं असतं. दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत, डिकीच्या झाकणाच्या वळणावर, आणि इंजिनावरून बॉडीकडे येणाऱ्या जागी. वरचं आवरण शाबूत असतं आणि आतलं तांबं तुटलेलं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. वायर हलकेच ओढा. ती रबरासारखी ताणली गेली, तर आत तार उरलेली नाही.

तापल्यावर येणाऱ्या बिघाडासाठी हेअर ड्रायर पुरतो. सेन्सर, मॉड्यूल, रिले एकेक करून तापवा. रंग काढायची हीट गन वापरू नका, कपलर वितळतो. उलटही करता येतं. गरम गाडी बंद पडली की संशयित कॉइलवर किंवा मॉड्यूलवर ओला फडका ठेवा. एरवी अर्धा तास लागायचा आणि आता लगेच चालू झाली, तर चोर तिथेच आहे. पावसाळी बिघाडासाठी अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसतील. त्या वेळी हात लावू नका, झटका जबरदस्त असतो.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही आणि पंपाचा आवाजही येत नाही, अशा वेळी टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलका ठोका द्या. त्यावर चालू झाली तर पंपाचे ब्रश संपत आलेत.

व्होल्टेज ड्रॉप: इथे वेळ घाला

आता मुख्य काम. हे मला सगळ्यात उशिरा समजलं, आणि अजूनही दहातले नऊ जण ते चुकीचं शिकवतात. ‘मीटर ओहमवर लावा, बीप वाजला की वायर ठीक’ हा सल्ला विसरा. ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला, लावलेला मल्टिमीटर वायरीतून नावापुरताच करंट सोडतो. जाड केबलमधला एक केसाएवढा धागा शिल्लक असला तरी मीटर आनंदाने बीप देतो. सेल्फ मारला की त्याच धाग्याकडून आपण दीडशे अँपिअर मागतो. दाराच्या फटीतून एक मुंगी आरामात जाते म्हणून त्या दारातून बैल जाईल असं नाही.

हिशेब करून बघा. केबलच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, गंज चढून फक्त ०.१ ओहम रेझिस्टन्स वाढला. ५ अँपिअर घेणाऱ्या हेडलाइटसाठी ते अर्ध्या व्होल्टचं नुकसान, दिवा जरासा मंद, कुणाच्या लक्षातही येणार नाही. १५० अँपिअरला मात्र तोच ०.१ ओहम १५ व्होल्ट मागतो, म्हणजे बॅटरीत आहेत त्याहून जास्त. सेल्फ फिरणारच नाही. आणि हा ०.१ ओहम साध्या मीटरवर दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढा आकडा दाखवतात.

त्यामुळे रेझिस्टन्स मोजायचा नाही. सर्किट चालू ठेवून कुठल्या तुकड्यात किती व्होल्ट वाया जातात ते मोजायचं. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पेट्रोल गाडीत पंपाचा फ्यूज काढलेला, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. पाइपात दाबाने उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ते एकदा पकडू शकतं, तयारी ठेवा. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर. निगेटिव्हवर म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, तिच्यावरच्या क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्पमधला गंज हाच पुष्कळदा गुन्हेगार असतो आणि क्लॅम्पवर पिन ठेवली की तो मोजणीतून निसटतो. आता दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा.

०.२ व्होल्टपर्यंत आकडा ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला तर अर्थ खराब. मग काळी पिन तिथेच ठेवून लाल पिन मागे मागे आणा: बॉडीवरचा अर्थ पॉइंट, केबलचा लग, क्लॅम्प. ज्या टप्प्यावर आकडा एकदम खाली येतो, त्याच्या आणि आधीच्या टप्प्याच्या मध्ये दोष आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच. लाल पिन बॅटरीच्या खुंटीवर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, सेल्फ फिरत असताना अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

दिवे, पंप, ब्लोअर यांनाही हीच पद्धत, फक्त अपेक्षा कडक. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त सोडू नका. आणि ज्यावर सगळे आपटतात ती गोष्ट: सर्किट बंद असेल तर मीटर शून्य दाखवणारच. करंटच वाहत नाही तर व्होल्ट कुठून वाया जाणार? ते शून्य बघून ‘वायर ठीक’ म्हणालात तर पुढचे सगळे दिवस भलत्याच ठिकाणी जातील. दिवा लागलेला हवा, पंप फिरत असायला हवा. याउलट, स्विच चालू असताना अर्थच्या बाजूला जवळजवळ १२ व्होल्ट दिसले तर तिथला अर्थ पूर्ण तुटलाय.

बिघाड फक्त रस्त्यावर येत असेल तर मोजणीही रस्त्यावर न्या. पंपाच्या सप्लायला आणि कॉइलच्या सप्लायला फ्यूज लावलेल्या लांब वायरी जोडा, दुसऱ्या टोकाला छोटे बल्ब, आणि ते डॅशबोर्डवर चिकटवा. गाडी बंद पडताना कुठला बल्ब आधी विझला ते शेजारी बसलेल्याने बघायचं, चालवणाऱ्याने नाही. दोन्ही बल्ब लागलेलेच राहिले तर पंप आणि कॉइलचा सप्लाय निर्दोष सुटला, आता क्रँक सेन्सर किंवा स्वतः पंप आणि कॉइल तपासा. वायरी पेडल आणि सायलेन्सरपासून लांबून न्या.

तीन गोष्टी करू नका. मीटरची जाड पिन कपलरच्या मादी टर्मिनलमध्ये खुपसू नका. ते फाकतं आणि गाडीत नवा, तुमचा स्वतःचा, येणारा-जाणारा बिघाड तयार होतो. पिन मागून, वायरीच्या बाजूने घाला. वायरीचं आवरण टोचून मोजू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. आणि पिवळ्या कपलरना, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना, मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका.

आवाज आणि धक्के

मेकॅनिकल बिघाड त्या मानाने प्रामाणिक असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना टक-टक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर एका बाजूच्या वळणावर वाढते आणि दुसऱ्या वळणावर कमी होते, तर व्हील बेअरिंग. बारीक खड्ड्यांत खटखट, तर लिंक रॉड किंवा बुश.

एक मात्र फसवं असतं, इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार. माउंटचं रबर फाटलं की रेस देताना इंजिन झुकतं आणि वायरिंग, अर्थची पट्टी, इंधनाचा पाइप यांना ओढतं. मग तक्रार येते ‘पिकअप घेताना इंजिन कट होतं’, आणि सगळे इलेक्ट्रिकलमध्ये डोकं घालतात. बोनेट उघडा ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, दुसऱ्याला क्लच जरासा सोडायला लावा. समोर उभे राहू नका, बाजूने बघा. इंजिन उसळी मारत असेल तर आधी माउंट, मग वायर.

दुरुस्ती

वायर हिरवी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, क्रिम्प करा (जोड धातूच्या नळीत दाबून बसवा), वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तजवीज. अर्थ पॉइंटचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा करा, बोल्ट घट्ट करा, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका, तुम्ही फ्यूज वाचवाल आणि वायरिंग जाळाल.

मग वहीतली परिस्थिती परत आणा: तेवढंच गरम इंजिन, तेच दिवे, तोच ओला फडका, तोच हेअर ड्रायर. बिघाड आला नाही तर जोड एकदा मुद्दाम सोडा आणि तो परत येतो का बघा. परत आला तर जोड बसवा आणि बोनेट बंद करा. आला नाही, तर तुम्ही दुरुस्त केलेली वस्तू दोषी नव्हती, वहीचं पहिलं पान पुन्हा उघडा.