तान्हा पोळ्याचा नंदी सीएनसीला देण्याआधी

तान्हा पोळ्याला मुलं ओढतात तो लाकडी नंदी सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या सूचनेवर चालणाऱ्या कापणी मशीनवर, कापून घ्यायचा असेल तर आधी प्लाय घरात येऊ द्या, मगच इंकस्केप (आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) उघडा. नागपूरच्या लकडगंजात आपण ‘बारा एमएम’ म्हणून मागतो आणि हातात येतं ते बऱ्याचदा साडेअकराच्या आसपास. दोन शीटांतही फरक निघतो. नंदी खिळ्याशिवाय, खाचेत खाच बसवून उभा करायचा असेल तर धड, मान, पाय सगळ्यांचं माप या एका जाडीवर ठरतं. व्हर्निअर घ्या, शीटच्या चारही कडांना मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा कागदावर लिहा. प्लाय दमट हवेत थोडं फुगतं. मे महिन्यात मोजून ठेवलेलं माप श्रावणात पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका.

त्याच कागदावर दुसरा आकडा लिहायचा तो बिटचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्याच्या व्यासाचा. हिंगण्याला देणार असाल किंवा घराजवळच्या वर्कशॉपमध्ये, आधी फोन करून बिट किती मिमीचा लावणार ते विचारा. लहान राउटरवर (बिटने कापणाऱ्या मशीनवर) बहुतेक वेळा 3.175 मिमीचा असतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्या सुतारांच्या भाषेत बरोबर एक सूत. मोठ्या मशीनवर 6 मिमीचा. शिंगांमधली फट याहून अरुंद काढली तर बिट तिथे शिरणारच नाही.

आता फाईल. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिमी करा आणि स्केल 1 आहे का ते डोळ्यांनी पाहा. मग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बाउंडिंग बॉक्स (आकाराभोवतीची मापाची चौकट) ‘व्हिज्युअल’ऐवजी ‘जिऑमेट्रिक’ करा. ही एक खूण राहून गेली तर पुढचं सगळं चुकतं: 1 मिमी जाडीच्या रेघेने काढलेला 100 मिमीचा चौकोन वर 101 दिसतो, आणि तुम्ही तिथे 100 टाइप केलं की खरा चौकोन 99 चा होतो. मशीन रेघेच्या मधोमध चालतं, रेघेची जाडी त्याच्या हिशेबात नसते. स्नॅपिंग (टोकं आपोआप जुळवणारी सोय) चालू ठेवा. आकार माउसने ओढून अंदाजाने जुळवू नका, रुंदी-उंचीच्या चौकटीत आकडा लिहा.

फाईलच्या कोपऱ्यात 100 बाय 100 मिमीचा एक चौकोन काढून ठेवा आणि कापणाऱ्याला सांगा, उघडल्यावर आधी हा मोजा. माझा पहिला नंदी याच्याविनाच गेला. फाईल इंकस्केपच्या जुन्या आवृत्तीतली होती, 0.92 च्या आधी एका इंचात 90 पिक्सेल धरत, नंतर 96 धरू लागले. तिकडे नव्या हिशेबाने उघडली आणि 100 चे 93.75 झाले. 11.8 ची खाच 11.06 ची निघाली. प्लाय आत जाईना, आणि पोळा दोन दिवसांवर. घरातलं लेकरू दारात उभं राहून विचारत होतं, नंदी कधी येतो. तेव्हापासून तो चौकोन माझ्या प्रत्येक फाईलमध्ये असतो. डीएक्सएफ फाईलमध्येही, म्हणजे मशीनला देतो त्या रेखाचित्राच्या फाईलमध्ये, एकक हरवतं, समोरचं सॉफ्टवेअर मिमीला इंच समजू शकतं. तीही चूक हाच चौकोन पकडतो.

खाचेवर सगळ्यात जास्त वेळ द्या. रुंदी म्हणजे मोजलेली जाडी अधिक 0.1 ते 0.2 मिमी. पण खाचेचा आतला कोपरा गोल बिट चौकोनी कापू शकत नाही, एक सुताच्या बिटने तिथे सुमारे 1.6 मिमीची गोलाई राहते. समोरच्या तुकड्याची धार मात्र काटकोनी, म्हणून तो तळापर्यंत बसत नाही आणि नंदी डुगडुगतो. उपाय असा, की आतल्या प्रत्येक कोपऱ्यावर बिटपेक्षा किंचित मोठं वर्तुळ, समजा 3.3 मिमीचं, ठेवायचं आणि युनियन (आकार एकत्र जोडण्याची आज्ञा) करून खाचेत मिसळायचं. कोपऱ्याला कान फुटल्यासारखं दिसतं, पण सांधा घट्ट बसतो. लेझर मशीनवर कापलं तर याची गरज नाही.

बिटच्या रुंदीची भरपाई (त्या हिशेबाने रेघ आत-बाहेर सरकवणं) कोण करणार, हेही आधी ठरवा. राउटरवाले बहुधा त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेच्या बाहेरून किंवा आतून कापायचं ते निवडतात, तेव्हा तुम्ही अंतिम मापच काढा. लेझरवाले पुष्कळदा रेघेवरूनच कापतात आणि किरण जाताना थोडं लाकूड खातो. दोघांनीही भरपाई केली तर खाच अरुंद, कोणीच नाही केली तर लेझरवर सैल आणि राउटरवर फारच सैल. खात्री हवी असेल तर त्याच प्लायच्या पट्टीवर 11.4, 11.6, 11.8, 12 अशा खाचांचा कंगवा आधी कापून घ्या. जी खाच हाताच्या दाबाने बसते, तो आकडा खरा.

मापं लिहायचा थर वेगळा, नावही ‘मापं’. प्रत्येक खाचेचं अंतर एकाच कडेपासून मोजा. खाच ते खाच अशी साखळी लावली की प्रत्येक ठिकाणचा पाव-अर्धा मिमी शेवटी एकत्र जमतो आणि मागचे पाय बसत नाहीत. चाकांच्या भोकांचे मध्यबिंदू नक्की लिहा. हा थर असलेली पीडीएफ माणसासाठी, तो काढून टाकलेली डीएक्सएफ मशीनसाठी. मशीनला बाण आणि आकडे यातलं काही कळत नाही, रेघ दिसली की कापतं.

पाठीवर मुलाचं नाव कोरायचं असेल तर अक्षरांचं पाथमध्ये (नुसत्या रेघांच्या आकारात) रूपांतर करा, नाहीतर ज्यांच्याकडे तो फॉन्ट नाही तिथे वेगळीच अक्षरं किंवा नुसते चौकोन उमटतात. देवनागरीत एवढ्याने भागत नाही. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते, आणि तशीच पाठवली तर प्रत्येक जोडावर आडवी चीर पडते. सगळी अक्षरं निवडून युनियन करा, रेषा सलग होते. याबद्दल इंग्रजी शिकवणीत कुठे सांगितलेलं मला दिसलं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

पाठवण्याआधी आउटलाइन दृश्य उघडा. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा, एकटा पडलेला ठिपका, टोकं न जुळलेला पाथ तिथे दिसतो. पाथ बंद नसेल तर आतून-बाहेरून कापायचा प्रश्न राउटरला सुटत नाही. पाय प्लायच्या रेषांच्या दिशेने ठेवा, आडवे ठेवले तर बारीक घोटे मोडतात. आठ बाय चारची शीट 2440 बाय 1220 मिमी धरा, क्लॅम्पसाठी कडेला जागा सोडा, आणि तुकडा कापता कापता उडू नये म्हणून छोटे टॅब, म्हणजे न कापलेले जोड, ठेवायला सांगा.

पोळ्याच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये गर्दी असते, फाईल त्याच्या आधी पोचवा. जाताना तो खाचांचा कंगवा खिशात ठेवा. पहिला तुकडा मशीनवरून उतरला की तिथेच बसवून पाहता येईल.